कमी गरजेचा मजला

वृद्धाश्रमातल्या आमच्या मजल्यावर चोवीस म्हातारी माणसं आणि आठ जणांमागे एक नर्स असा नियम. चोवीसला आठने भागलं की तीन येतात, एवढं गणित मला येतं. कागदावर तीन नर्स होत्याच. एक मी. दुसरी भिंगरी, जिचं खरं नाव आता तिच्या नवऱ्याशिवाय कुणाला आठवत नसेल, कारण ती दिवसभर गरागरा फिरत असते. आणि तिसऱ्या आमच्या ऑफिसातल्या मॅडम. मॅडमनी नर्सिंगचा कोर्स केला होता हे खरं आहे. फक्त गेल्या अकरा वर्षांत त्यांनी थर्मामीटरला हात लावल्याचं कुणी पाहिलेलं नाही. त्या तळमजल्यावर बसून रजेचे अर्ज नामंजूर करायच्या आणि तिकडूनच आमच्या मजल्यावर आठ म्हाताऱ्यांची सेवा करायच्या.

म्हणजे प्रत्यक्षात आम्ही दोघी, आणि दोघींच्या वाट्याला बारा-बारा. बारा जणांची तोंडं धुवायची, बारा जणांना उठवायचं, बारा जणांच्या गोळ्या, बारा जणांचे कपडे, आणि मजल्यावरच्या सात जणांना उठवायला दोन माणसं लागतात, तेव्हा ते बाराही नाहीत, सगळे चोवीस दोघींचेच. हे मी साहेबांना तीनदा सांगितलं. साहेब आमचे व्यवस्थापक. माणूस वाईट नाही, पण त्यांच्याशी बोलताना ते आपल्याकडे न बघता आपल्या मागच्या भिंतीकडे बघतात, जणू तिथे कुणी जास्त समंजस नर्स उभी आहे.

तर या साहेबांनी बेलचं यंत्र बसवलं. प्रत्येक पलंगाला आणि प्रत्येक संडासात बेलची दोरी पूर्वीपासून होतीच. आता नवीन काय, तर दोरी कधी ओढली आणि आम्ही खोलीत जाऊन बटण कधी बंद केलं, हे सगळं यंत्र लिहून ठेवणार. दर सोमवारी त्याचा तक्ता जेवणाच्या हॉलमध्ये लागणार. पहिल्याच सोमवारी माझ्या नावापुढे लाल अक्षरात लागलं, सरासरी चौदा मिनिटं. भिंगरीची तेरा.

आता जेवणाच्या हॉलमध्ये तक्ता लावणं म्हणजे काय ते साहेबांना कळलं नाही. आमच्या लोकांना वाचायला दुसरं काही नसतं. ते औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा भिंग लावून वाचतात. तो तक्ता त्यांनी पाठ केला. चार नंबरच्या आक्का, वय शहाऐंशी, मला कवटाळून रडल्या. "लाल अक्षरात लावलं गं तुला! जसं काही नापासच केलं!" मी म्हटलं, "आक्का, सोडा, तुमचं दूध उतू चाललंय." दूध काही चाललं नव्हतं, पण मला अकरा कामं होती.

आणि मग दुसऱ्या आठवड्यात बेल वाजायच्या थांबल्या.

अगदी थांबल्या नाहीत, पण दिवसाला दीडशेच्या चाळीस झाल्या. पहिले दोन दिवस मला वाटलं यंत्र बिघडलं. तिसऱ्या दिवशी वाटलं माझे कान गेले. चौथ्या दिवशी मी चक्क खुर्चीवर बसून चहा प्यायले, गरम, आणि पेल्याचा तळ दिसेपर्यंत. नोकरीत सव्वीस वर्षं झाली, ड्यूटीवर असं कधी झालं नव्हतं. भिंगरी म्हणाली, "ताई, हे काही बरं लक्षण नाही." मी म्हटलं, "गप बस आणि तूही पी."

फक्त एक गोष्ट विचित्र होती. बेल वाजली म्हणून आक्कांच्या खोलीत जावं, तर आक्का पाणी मागायच्या, आणि लगेच शेजारच्या पलंगावरून, "आल्याच आहात तर जरा उशी सारखी करा." मागच्या पलंगावरून, "आल्याच आहात तर मला कुशीवर वळवा." आणि दाराबाहेर वॉकर घेऊन पाच नंबरच्या बाई हजर, "इकडे आल्याच आहात तर." एका बेलमध्ये चार कामं निघायची. हे आपोआप होत नसतं.

याचा उलगडा सात नंबरच्या पलंगाची चादर बदलताना झाला. सात नंबरला कंट्रोलर राहतात. बस डेपोत चौतीस वर्षं कंट्रोलर होते, कुठली गाडी कधी सुटणार हे ते ठरवायचे. आता पायात जोर नाही, बसलं की उठता येत नाही, पण छातीवर शिट्टी लटकल्यासारखेच चालतात. त्यांच्या उशीखाली जुन्या कॅलेंडरची पानं निघाली. पाठीमागच्या कोऱ्या बाजूला पट्टीने रेघा आखलेल्या, आणि सुबक अक्षरात: फेरी क्रमांक एक, सकाळी ७.१०, खोल्या ३, ४, ५, बेल आक्का वाजवतील. फेरी क्रमांक दोन, ७.३५, संडास, खोल्या ६ व ८. फेरी क्रमांक नऊ, ११.४०, संडास, खोली ७, स्वतः.

"सिस्टर," कंट्रोलर खुर्चीतून म्हणाले, "ते खात्याचं कागदपत्र आहे. घडी पडू देऊ नका."

"आजोबा, हे काय चालवलंय तुम्ही?"

"गाड्या दोन, प्रवासी चोवीस. वेळापत्रकाशिवाय डेपो चालत नाही. जो तो हात दाखवून गाडी थांबवत होता. आता थांबा ठरलाय, वेळ ठरलीय. मी सकाळी सगळ्या खोल्यांत जाऊन सांगून येतो."

"आणि एखाद्याला मधेच लागलं तर?"

"थोडं थांबायचं," कंट्रोलर म्हणाले. "प्रवाशाने थोडं थांबायला शिकलं पाहिजे."

माझं काम काय होतं? तो कागद तिथल्या तिथे फाडून टाकणं. बेल ही लागेल तेव्हा वाजवायची असते, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरीलाही कळतं. पण आदल्याच दिवशी तक्ता लागला होता. सरासरी चार मिनिटं, हिरव्या अक्षरात. शेजारी माझा फोटो, खाली 'या महिन्याच्या उत्तम परिचारिका'. फोटोत माझे डोळे मिटलेले होते, पण होता तर माझाच. मी कागद सरळ केला आणि परत उशीखाली ठेवला. वर म्हटलं, "पाच नंबरच्या बाईंना दुसऱ्या फेरीत घ्या, त्यांना पाण्याची गोळी असते, लघवी लवकर लागते." म्हणजे नुसता कानाडोळा नाही, मी त्या डेपोत नोकरीलाच लागले.

तीन आठवडे सुखात गेले. मग साहेबांनी बोलावलं.

साहेब खुशीत होते, त्यामुळे भिंतीऐवजी छताकडे बघत होते. "सिस्टर, तुमच्या मजल्याच्या बेल सत्तर टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे तिथल्या लोकांची गरजच कमी आहे. आपण त्याला 'कमी गरजेचा मजला' म्हणून मंजुरी घेतोय. मग बारा जणांमागे एक नर्स चालते."

मी मनात भागाकार केला. चोवीस भागिले बारा, दोन. "म्हणजे मी आणि भिंगरी. आहोतच की आम्ही."

"तुम्ही आणि मॅडम," साहेब म्हणाले. "भिंगरी एक तारखेपासून दुसऱ्या शाखेत. तिथे फार ओढाताण आहे हो. गुरुवारी सरकारी तपासणीसबाई येतील, पाहतील, सही करतील."

मी जिना चढून वर आले. चोवीस माणसं आणि मी एकटी. त्यात उचलायला दोघी लागतात अशी सात. मी एखाद्याला पाडणार होते. कधी, ते ठरायचं होतं, पण पाडणार नक्की होते. आणि भिंगरी नसती तर मी सहा वर्षांपूर्वीच नोकरी सोडली असती हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही. फक्त बातमी सांगितली, तर ती हातातला बेडपॅन घेऊन तशीच उभी राहिली. फिरत नसलेली भिंगरी मी पहिल्यांदाच पाहिली.

मी हॉलमध्ये सगळ्यांना जमवलं आणि आवाज चढवला. "तुमच्या मेहरबानीने भिंगरी चालली! कुणी सांगितलं होतं तुम्हाला शहाणपणा करायला? आजपासून ज्याला जे लागेल, जेव्हा लागेल, तेव्हा बेल वाजवायची! मला चाळीस नकोत, दोनशे हव्यात!"

आक्का डोळे पुसत होत्या. कंट्रोलर वॉकरला धरून ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "वेळापत्रक रद्द."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सगळ्या मजल्याने एकदम दोऱ्या ओढल्या. चोवीस पलंगांवर चोवीस लाल दिवे. आम्ही दोघी धावतोय. सहा नंबर म्हणतात, "मला काही नको, पण तुम्ही दोनशे म्हणालात." आक्का दोरी ओढायच्या आणि मी दारात पोचायच्या आत ओरडायच्या, "येऊ नकोस गं, दमशील!" अकरापर्यंत कुणाचं अंग पुसून झालं नव्हतं, गोळ्या राहिल्या होत्या, आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. दुपारी कंट्रोलरनी माझ्याकडे बघितलं, वॉकर वळवला आणि खोल्याखोल्यांतून फिरून आले. त्यानंतर शांतता. साहेबांनी त्या दिवसाचा हिशेब 'यंत्रातील बिघाड' म्हणून काढून टाकला.

गुरुवारी दहा वाजता तपासणीसबाई आल्या. पन्नाशीच्या, सपाट बूट घातलेल्या, आणि समोरच्याकडे सरळ बघणाऱ्या. त्या आमच्या टेबलाशी यंत्रासमोर बसल्या आणि बघत राहिल्या. साहेब मागे उभे. भिंगरी तिकडच्या टोकाला अंग पुसत होती आणि मी गोळ्यांची ट्रॉली घेऊन फिरत होते. मी सगळ्यांना सकाळीच बजावून ठेवलं होतं, "आज लाजू नका, लागेल तेव्हा ओढा." पाऊण तासात दोन बेल वाजल्या. साहेबांचा चेहरा उजळतच चालला होता.

मग बाई खोल्यांमधून निघाल्या. साहेबांनी मला बरोबर यायची खूण केली. "काही त्रास? काही लागतं का?" बाई विचारायच्या. आणि आमची माणसं! पाहुणी बाई आलेली, तिच्यासमोर गाऱ्हाणं सांगणं त्यांच्या रक्तातच नाही. "छे हो, काही त्रास नाही." "सिस्टर म्हणजे पोटच्या लेकीसारख्या." आक्का तर पदर सावरून म्हणाल्या, "आम्हाला मेलं काही लागतच नाही." बाई प्रत्येक वेळी कागदावर खूण करायच्या. आक्कांचं तोंड दाबावं असं मला वाटलं, आणि त्यांचे पायही धरावेसे वाटले.

मी सांगू शकले असते. 'बाई, हे खरं नाही, यांचं वेळापत्रक आहे' एवढंच. पण पुढचा प्रश्न आला असता, तुम्हाला कधीपासून माहीत आहे? आणि हॉलमध्ये माझा फोटो लटकत होता. मी ट्रॉलीचा दांडा धरून गप्प राहिले. याची लाज मला अजून वाटते.

सात नंबरचा पलंग रिकामा होता. वॉकर संडासाच्या दाराशी उभा. साहेब घाईने म्हणाले, "गृहस्थ आत आहेत, आपण पुढे जाऊ." बाईंनी दारावर टकटक केली. "आजोबा, ठीक आहात ना?"

"ठीक आहे," आतून आवाज आला. "बसलोय."

"कधीपासून बसलात?"

"दहा वाजून पाच मिनिटं."

बाईंनी घड्याळ बघितलं. अकरा वाजून दहा. "बेल का नाही वाजवलीत? दोरी समोरच आहे ना?"

"माझी फेरी अकरा चाळीसची आहे," कंट्रोलर आतून शांतपणे म्हणाले. "आज जरा आधी लागली, चूक माझी. सिस्टर औषधं देताहेत, भिंगरीबाई अंग पुसताहेत. गाड्या दोनच आहेत. एक तर काढूनच घेताहेत."

मी दार ढकललं. कंट्रोलर ओणवे होऊन बसले होते, दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरलेली, ओठ निळसर. पाय बधिर झाले होते. मी एका काखेत हात घातला, ते हलेनात. "बाई, दुसरी बाजू धरा," मी म्हटलं, कोण बाई आणि काय पद याचा विचार न करता. तपासणीसबाईंनी कागद साहेबांच्या हातात कोंबले आणि दुसऱ्या काखेत हात घातला. "एक, दोन, तीन." आम्ही त्यांना उभं केलं. मांड्यांवर सीटच्या कडेचे लाल वळ उठले होते. त्यांना पलंगावर घालेपर्यंत आम्ही दोघी धापा टाकत होतो.

"यांना उठवायला दोघी लागतात," बाई म्हणाल्या.

"हो."

"आणि एक तारखेपासून या मजल्यावर?"

"मी एकटी," मी म्हटलं. "कागदावर दोघी." आणि मग एकदाचं तोंडातून निघून गेलं. "बाई, या लोकांना सगळं लागतं. यांनी बेलचं वेळापत्रक केलंय, माझं नाव लाल अक्षरात येऊ नये म्हणून. मला तीन आठवड्यांपासून माहीत होतं. मी चालू दिलं. मला बरं वाटत होतं."

साहेब भिंतीकडे बघायला लागले. या वेळी भिंतीवरही कुणी नव्हतं.

कंट्रोलर मात्र खूश झाले. वेळापत्रकाची गोष्ट निघाली होती. त्यांनी उशीखालची पानं काढून बाईंना दिली. "बघा, तो एक दिवस सोडला तर चार आठवड्यांत एकही फेरी रद्द नाही. आणि खालच्या पानांवर उशिराची नोंद आहे. डेपोचा शिरस्ताच आहे, गाडी वेळेवर सुटली तरी प्रवासी किती थांबला ते लिहायचं."

खालची पानं मी कधी पाहिली नव्हती. बाई वाचत होत्या, मी त्यांच्या खांद्यावरून. खोली ५, संडास, पस्तीस मिनिटे. खोली ६, पाणी, पन्नास मिनिटे, गोळी तशीच जिभेवर. खोली ४, आक्का, अंथरूण ओलं, एक तास दहा मिनिटे, सिस्टरना सांगितलं नाही, आक्का सांगू नका म्हणाल्या. खोली ४, आक्का, पुन्हा. खोली ४, पुन्हा. सगळी पानं भरलेली होती. वर तारखा होत्या, आणि त्या तारखांना मी गरम चहा पीत होते.

बाईंनी पानं घडी न पाडता आपल्या फाइलीत ठेवली. "हे मी नेते."

"पावती लागेल," कंट्रोलर म्हणाले. बाईंनी दिली, सहीनिशी.

कमी गरजेची मंजुरी अर्थातच मिळाली नाही. बाईंनी शेरा असा मारला की ज्या मजल्यावर माणसं मागायला घाबरतात, तिथली बेल मोजून गरज कळत नाही. भिंगरी राहिली. मला लेखी समज मिळाली, ती योग्यच होती, आणि फोटो उतरला. नवीन नर्स भरायची तर चार महिने लागतील असं साहेब म्हणाले. त्यावर बाई म्हणाल्या, "भरायची कशाला? तिसरी तुमच्याकडे आहेच की. कागदावर सही आहे त्यांची." आणि सोमवारी सकाळी सातला मॅडम वर आल्या, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात, चश्म्याला साखळी लावून. पहिल्या दिवशी त्यांनी उशीचा अभ्रा उलटा घातला आणि पाच नंबरच्या बाईंना रजेचा अर्ज विचारल्यासारखं विचारलं, "संडास कशासाठी?" तिसऱ्या दिवशी त्या घामाघूम होऊन टेबलाशी टेकल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही हे दोघीच करत होतात?" त्यावर भिंगरी बोलली, पण ते इथे लिहिता येणार नाही.

आम्ही तिघी झालो, पण बेल वाजेनात. सवय लागली होती. मी खोल्याखोल्यांतून फिरून विचारायची, "आक्का, काही हवं?" आक्का म्हणायच्या, "नको गं, तुझी कामं आटप." मी पांघरुणाखाली हात घालून बघायची आणि अंथरूण ओलं असायचं. मी चिडायची, त्या माफी मागायच्या, मग मला स्वतःचाच राग यायचा. असे दहा-बारा दिवस गेले.

मग एक दिवस दुपारी साडेतीनला सात नंबरची बेल वाजली. साडेतीन ही कसलीच वेळ नव्हती. मी ट्रॉली तिथेच सोडून पळाले. पडले असतील, छातीत दुखत असेल, काय काय येऊन गेलं डोक्यात. दारात पोचले तर कंट्रोलर खुर्चीत बसलेले, दोरी अजून हातात, चेहरा चोरी पकडल्यासारखा.

"काय झालं आजोबा? काय होतंय?"

"काही नाही," ते म्हणाले. मग खाली बघत, "पाठ खाजतेय. हात पोचत नाही."

"कधीपासून?"

"आत्ताच," कंट्रोलर म्हणाले. "आत्ताच सुरू झाली."

मला रडू आलं आणि रडू आल्याचा संतापही आला. मी त्यांच्या मागे जाऊन सदरा वर केला आणि खाजवायला लागले. बाहेर भिंगरी आणि मॅडम कुणाला तरी उठवत होत्या, एक, दोन, तीन म्हणत. मला कुठेही जायचं नव्हतं.

"जरा वर," कंट्रोलर म्हणाले. "अजून वर. डावीकडे. सिस्टर, नीट लक्ष द्या ना."